सागरी जीवशास्त्रात यायचंय? आधी पेन्सिल घ्या

प्रवेशाच्या दिवसांत माझ्या खोलीत एक तरी मुलगा किंवा मुलगी येते आणि दारातूनच सांगते, "मॅडम, मला डॉल्फिनवर काम करायचंय." मी बसायला सांगते आणि विचारते, "गणित आवडतं का?" निम्म्यांचा चेहरा तिथेच पडतो. उरलेल्यांना पुढचा प्रश्न: "अक्षर वाचता येईल असं आहे का?" यावर सगळेच गोंधळतात.

मी सागरी जीवशास्त्र शिकवते. त्याआधी बरीच वर्षं विद्यार्थी होते, मग कंत्राटावरची संशोधक. या वाटेवर कुठे खड्डे आहेत हे मला एका जागी कोणी सांगितलं नव्हतं. बहुतेक खड्डे मी स्वतः पडूनच मोजले. म्हणून हे लिहितेय. नियम आणि परीक्षा देशागणिक बदलतात, त्या तुम्ही आपापल्या ठिकाणी बघालच. कुठेही गेलात तरी जे बदलत नाही, तेवढंच खाली आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या नोकरीत समुद्र फार कमी दिवस भेटतो. वर्षातले चार-पाच आठवडे पाण्यात किंवा पाण्याकाठी गेले तर मी ते वर्ष चांगलं समजते. बाकी दिवस वर्ग, सूक्ष्मदर्शक, संगणक, अर्ज आणि बैठका. हे वाचून उत्साह मावळला असेल तर पुढचं वाचू नका, वेळ वाचेल.

१. वर्षभर एकच किनारा बघा

पदवीची, ओळखीची, पैशाची कसलीच गरज नसलेली ही पायरी आहे आणि नेमकी हीच सगळे गाळतात. खडकाळ किनाऱ्याचा एक तुकडा निवडा. महिन्यातून दोनदा जा. वर्षभर तोच तुकडा बघा.

जायचं ते ओहोटीला, आणि शक्यतो उधाणाच्या दिवसांत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते, भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. एरवी पाण्याखाली असलेला भाग तेव्हाच उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. तेव्हा गेलात तर अर्धा कार्यक्रम बुडालेलाच असेल. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. कालची वेळ आज चालत नाही. त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघितल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी पोहोचा, उतरत्या पाण्यामागे खाली जा, आणि पाणी फिरलं की तुम्हीही फिरा. हा नियम मला एका शंखातल्या खेकड्याने शिकवला. तो जुना शंख सोडून नव्यात शिरायच्या बेतात होता. आधी नांगीने नव्या शंखाचं तोंड चाचपलं, मग आत पाय घालून खोली मोजली, मग पुन्हा विचार बदलला. मी वाकून बघत बसले. अखेर त्याने उघडं, मऊ पोट क्षणभर बाहेर काढून नव्या घरात उडी घेतली. मी खूश होऊन मान वर केली तेव्हा माझ्या आणि किनाऱ्याच्या मधल्या खोलगट पट्ट्यात पाणी भरलेलं होतं. कमरेएवढ्या पाण्यातून, डोक्यावर वही धरून परत आले. भरतीचं पाणी नेहमी समोरूनच येईल असं नाही. ते मागच्या चराने गुपचूप शिरतं आणि तुमचा खडक बेट होऊन जातो.

सोबत काय घ्यायचं:

- भरती-ओहोटीचं कोष्टक आणि घड्याळ
- पेन्सिली दोन (एक हमखास पडते) आणि जाड कागदाची वही, शक्यतो पाण्यात न भिजणाऱ्या कागदाची
- दहापट मोठं दाखवणारं हातभिंग
- पांढरी उथळ बशी आणि सेंटिमीटरची पट्टी
- ५० बाय ५० सेंटिमीटरची चौकट, तारेची किंवा प्लास्टिकच्या नळीची
- घट्ट पकडीचे जुने बूट. चपला नकोत, अनवाणी तर नकोच

चौकट खडकावर ठेवायची आणि आत काय काय आहे ते मोजायचं. चौकट "कुठेही" फेकू नका, कारण हात आपोआप जिथे छान दिसतं तिथेच फेकतो. दोरी आखून घ्या आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. उचललेला दगड होता तसाच, होता त्याच बाजूने परत ठेवा. दगडाच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात उलटे राहिले तर काही तासांत मरतात.

दोन-तीन महिन्यांत तुम्हाला खडकावर पट्टे दिसू लागतील. वर बारीक गोगलगायी, मग बार्नॅकलची (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचवाले प्राणी) पांढरट खरखरीत पट्टी, मग शिंपले, मग शैवाल. प्रत्येक किनाऱ्यावर पात्रं वेगळी, पण पट्टे असतातच. जोसेफ कॉनेल नावाच्या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या कम्ब्रे बेटावर हेच पट्टे बघितले. बार्नॅकलच्या दोन जाती, एक वर, एक खाली. त्याने खडकावरच्या एकेका बार्नॅकलची जागा नकाशासारखी टिपून ठेवली आणि काही तुकड्यांवरून खालची जात काढून टाकली. वरच्या जातीची पिल्लं तिथे मजेत वाढली. म्हणजे खाली राहणं त्यांना झेपत होतं, शेजारी राहू देत नव्हते. १९६१ साली छापलेलं हे काम आजही पहिल्या वर्षाला शिकवतात. त्यासाठी लागलेली मुख्य साधनं होती खडक, संयम आणि नोंदी.

बार्नॅकलचं नाव निघालंच आहे तर डबक्यातला एक भिंगाखाली नक्की बघा. कोरडा असताना तो खडकाचा फोड वाटतो. पाण्यात मिनिटभर सावली न पाडता थांबलात तर वरची दारं उघडतात आणि पिसासारखे पाय बाहेर येऊन पाणी चाळू लागतात. हा प्राणी डोकं खाली चिकटवून आयुष्यभर पायांनी अन्न तोंडात ढकलतो. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं यांच्यावरच घालवली.

२. प्राणी निवडण्याआधी प्रश्न निवडा

डॉल्फिन, देवमासे, शार्क, कासवं यांच्यामागे रांग मोठी आणि जागा मोजक्या. शिवाय हे प्राणी कमी दिसतात, दूर असतात, त्यांना हात लावायला परवाने लागतात. तीन वर्षांत अकरा वेळा दिसलेल्या प्राण्यावर प्रबंध लिहिणं म्हणजे काय, हे रांगेत उभं राहण्याआधी विचारात घ्या.

उलट, जो जीव खडकावर हजारोंनी बसलेला आहे आणि पळून जात नाही, तो मोठे प्रश्न विचारू देतो. रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर एका पट्ट्यातले तारामासे पहारीने उपटून समुद्रात फेकायला सुरुवात केली आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवला. शिंपले खाणारे तारामासे गेल्यावर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि त्याने मोजलेल्या १५ जातींपैकी आठच उरल्या. हा शोधनिबंध १९६६ चा. 'कळीची प्रजाती', म्हणजे जी एकटी गेली तरी सगळी वस्ती बदलते, ही कल्पना, जी आज वाघापासून बीव्हरपर्यंत सगळ्यांना लावतात, ती या फेकाफेकीतून निघाली.

अमेरिकी सागरी शास्त्रज्ञ सिल्व्हिया अर्ल यांचं नाव खोल समुद्रासाठी घेतलं जातं. १९७० मध्ये पाण्याखालच्या निवासात राहिलेल्या महिलांच्या तुकडीचं नेतृत्व त्यांनी केलं. पण १९६६ ची त्यांची पीएचडी तपकिरी शैवालावर आहे. डॉल्फिनवाल्यांना मी हे आवर्जून सांगते. काही जण शैवालाकडे वळतात, काही माझ्याकडे परत येत नाहीत.

३. संख्याशास्त्राशी मैत्री, नाइलाजाने का होईना

पदवीला जीवशास्त्र हवंच, सोबत रसायनशास्त्र आणि थोडं भौतिकशास्त्र. समुद्र म्हणजे आधी खारं, हलणारं पाणी आहे, जीव त्यानंतर. पण माणसं अडतात ती संख्याशास्त्रापाशी. 'आर' ही संगणकभाषा फुकट आहे आणि या क्षेत्रात सर्रास वापरतात. पहिल्याच वर्षी शिका.

माझं घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगते. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी दोन खाड्यांची तुलना केली. एकीत सांडपाणी यायचं, दुसरीत नाही. दोन्हीकडून चिखलाचे तीस-तीस नमुने घेतले, चाळले, किडे मोजले. फरक ठसठशीत होता आणि मी खुशीत होते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: "खाड्या किती?" मी म्हटलं, दोन. "म्हणजे सांडपाण्याची एक आणि बिनसांडपाण्याची एक. मग तुमच्या नमुन्यांची संख्या तीस कशी? एक म्हणा." खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण एकाच पातेल्यातली तीस शितं चिवडली म्हणून तीस पातेली तपासली असं होत नाही. त्या दोन खाड्यांमध्ये सांडपाण्याखेरीज आणखी शंभर फरक असू शकतात. या चुकीला स्टुअर्ट हर्लबर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये नाव दिलं, मराठीत आपण तिला 'खोटी पुनरावृत्ती' म्हणू. नमुने गोळा करण्याआधी तुमचा आराखडा संख्याशास्त्र जाणणाऱ्या माणसाला दाखवा. नंतर दाखवलात तर तो फक्त तुमचं संशोधन कशाने मेलं ते सांगू शकेल.

४. पाण्यात उतरायचं का?

पोहता आलंच पाहिजे. डायव्हिंग आलंच पाहिजे असं नाही. उत्तम प्राध्यापक असे आहेत की ज्यांनी पाठीवर टाकी कधी बांधली नाही, कारण त्यांचा विषय चिखल, प्लवक (पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव) किंवा जनुकं आहे. तुमच्या प्रश्नाला गरज असेल तरच शिका.

शिकलात तर सुरुवातीच्या मनोरंजनाच्या परवान्यावर साधारण १८ मीटरपर्यंत जाता येतं. मात्र त्या परवान्यावर संशोधनाचं काम करता येईल असं गृहीत धरू नका. बहुतेक संस्था वेगळं शास्त्रीय डायव्हिंगचं प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी मागतात. प्रत्येक बुडीची खोली, वेळ, जोडीदार याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. एकापेक्षा जास्त बुड्या मारल्या असतील तर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्या. परतीचं तिकीट काढताना हेच विसरतं.

बोट लागते का, हे आधीच कळलं तर बरं. मळमळीवरची गोळी बोट निघण्याच्या तासभर आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच जाते. डेकवर उभं राहा, क्षितिजाकडे बघा, खाली जाऊन फोनमध्ये डोकं घालू नका. नवख्याच्या हातात बहुधा सेकीची तबकडी देतात, पाणी किती नितळ आहे ते मोजायला. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली लिहायची. अँजेलो सेकीने ती १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात वापरली. अजून तिची जागा पूर्णपणे कोणत्याच यंत्राने घेतलेली नाही. काम सोपं आहे आणि नजर बाहेर राहते, म्हणून पोटही शांत राहतं.

५. बाटली आणि चिठ्ठी

पूर्ण लेखातली एकच पायरी वाचायची असेल तर ही वाचा.

पीएचडीच्या पहिल्या मोहिमेत मी चौऱ्याऐंशी बाटल्या भरल्या. प्रत्येक बाटलीवर जाड मार्करने सुबक आकडा लिहिला. बाटल्यांत अल्कोहोल होतं. परतीच्या प्रवासात एक झाकण सैल झालं, खोक्यात अल्कोहोल पसरलं, आणि प्रयोगशाळेत खोकं उघडलं तेव्हा आत चौऱ्याऐंशी स्वच्छ, पारदर्शक, अनामिक बाटल्या होत्या. मार्करची शाई अल्कोहोलात विरघळते, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. पांढऱ्या फळ्यावरचे हट्टी डाग आम्ही त्यानेच पुसायचो. त्या बाटल्यांमधले प्राणी उत्तम टिकले होते. उपयोग शून्य.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी पेन्सिल मिळते. पेन्सिलीतलं ग्राफाइट पाण्यात, अल्कोहोलात, फॉर्मलिनमध्ये कशातच विरघळत नाही. जाड, न विरणाऱ्या कागदाच्या पट्टीवर लिहायचं आणि ती चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची. बाहेर हवी तर दुसरी लावा. चिठ्ठीवर हे सगळं हवं:

- तारीख (महिना अक्षरांत, म्हणजे ३/४ चा घोळ होत नाही) आणि वेळ
- जागा, अक्षांश-रेखांशासह
- खोली किंवा किनाऱ्यावरची उंची
- कशाने गोळा केलं: हाताने, जाळ्याने, कितीच्या जाळीने
- कशात ठेवलं
- गोळा करणाऱ्याचं नाव

आता 'कशात ठेवलं' याबद्दल. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के इथेनॉल, आणि एका दिवसानंतर ते बदला, कारण प्राण्याच्या अंगातलं पाणी ते पातळ करतं. शरीराची रचना बघायची असेल तर फॉर्मलिन चांगलं, पण त्यातून डीएनए काढणं महामुश्कील. दोन्ही हवं असेल तर नमुन्याचे दोन भाग करा. फॉर्मलिनच्या आकड्यात एक जुनी गंमत आहे. बाटलीत मिळतं ते सुमारे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड. ते एकास नऊ पातळ केलं की त्याला '१० टक्के फॉर्मलिन' म्हणतात, पण त्यात फॉर्माल्डिहाइड जेमतेम चार टक्के असतं. निबंधात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात, तेव्हा नीट बघा. ते आम्लधर्मी होत जातं आणि शिंपल्यांची कवचं हळूहळू खातं, म्हणून बोरॅक्स घालतात. आणि ते कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच काम करा, "दोनच मिनिटांचं काम आहे" असं म्हणू नका.

समुद्रफूल किंवा समुद्री गोगलगाय थेट अल्कोहोलात टाकली तर आक्रसून गोळा होते आणि मग ओळखता येत नाही. आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात हळूहळू सैल होऊ द्या. नमुना चांगला मिळतोच, शिवाय तुम्ही जीव घेताय तर तेवढी माया दाखवायला हरकत नाही.

६. कागदपत्रं

कंटाळवाणी पायरी, पण याच कारणाने हंगाम बुडालेली माणसं मी बघितली आहेत. एका परवान्याला महिने लागू शकतात आणि लार्व्हा, म्हणजे समुद्री जीवांची पिल्लं, परवान्यासाठी थांबत नाहीत. फाइलमध्ये निदान एवढं ठेवा:

- नमुने गोळा करण्याचा परवाना, आणि संरक्षित क्षेत्र असेल तर त्याचा वेगळा
- माशांवर किंवा इतर पृष्ठवंशी प्राण्यांवर प्रयोग असतील तर नीतिसमितीची मंजुरी. युरोपीय संघात ऑक्टोपस आणि माकूळ यांनाही ती लागते
- वैद्यकीय दाखला, विमा, डायव्हिंगची नोंदवही
- बोट आणि मोहिमेचा सुरक्षा आराखडा: किनाऱ्यावर कोणाला कळवायचं, किती वाजेपर्यंत परत यायचं
- नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर दोन्ही बाजूंची कागदपत्रं

शेवटच्या मुद्द्यावर लोक फसतात. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, १९७५ पासून लागू असलेल्या साइटीस करारात कठीण प्रवाळ, सगळे समुद्रघोडे आणि महाकाय शिंपले येतात. किनाऱ्यावर सापडलेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा विमानतळावर अडकवू शकतो. २०१४ मध्ये लागू झालेल्या नागोया करारामुळे दुसऱ्या देशातलं जनुकीय साहित्य संशोधनासाठी वापरण्याआधी त्या देशाची संमती आणि लाभवाटपाचा करार लागू शकतो. "नंतर बघू" म्हणून आणलेले नमुने पुढे छापताही येत नाहीत, फेकवतही नाहीत.

७. गाईड निवडताना

विषयापेक्षा माणूस बघा. विषय वर्षभरात आवडायला लागतो, माणसाचं तसं होत नाही. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला, आणि त्यातही अर्धवट सोडून गेलेल्यांशी. विचारायचं ते आधी विचारा: शिष्यवृत्ती किती महिन्यांची, बोटीचा खर्च कोण देणार, शोधनिबंधावर नावांचा क्रम कसा ठरतो, तुम्ही गेल्यावर माहिती कोणाकडे राहते. एकदा आत गेल्यावर पाण्यात राहून माशाशी वैर परवडत नाही, म्हणून हे प्रश्न काठावर असतानाच.

जमलं तर एखाद्या किनारी संशोधन केंद्रात काही आठवडे काढा. ही परंपरा जुनी आहे. इटलीत नेपल्सला अँटोन डोर्नने १८७२ मध्ये केंद्र काढलं आणि तिथली कामाची टेबलं विद्यापीठांना भाड्याने दिली. फ्रान्समधलं रोस्कोफचं केंद्र त्याच वर्षीचं, अमेरिकेतलं वुड्स होल १८८८ चं. अशा ठिकाणी रात्री जेवताना शेजारी बसलेल्या माणसाकडून जे कळतं ते अभ्यासक्रमात नसतं.

८. पीएचडीनंतर

इथे वाट अरुंद होते. दोन-दोन वर्षांची कंत्राटं, नवी शहरं, पुन्हा अर्ज. प्राध्यापकीच्या जागेसाठी साधारणपणे कार्यपरिचय, संशोधनाची पुढची योजना, शिकवण्याबद्दलचं टिपण आणि तीन शिफारसपत्रं लागतात. पत्रं देणाऱ्यांना महिनाभर आधी सांगा. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून ठेवा, फुकट असतो आणि नावं सारखी असल्याचा घोळ टळतो. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांची गोड पत्रं येतील. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका.

मुलाखतीत तुमचं एक व्याख्यान ठेवतात. त्यात सगळं आयुष्य सांगू नका, एक प्रश्न नीट सांगा. आणि या वर्षांत दुसरीकडे वळावंसं वाटलं तर खुशाल वळा. मत्स्यव्यवसाय, पर्यावरण सल्ला, संग्रहालयं, मत्स्यालयं इथे माझे उत्तम विद्यार्थी आहेत आणि माझ्यापेक्षा जास्त वेळा समुद्रावर जातात.

९. प्राध्यापक झाल्यावरचा मंगळवार

सकाळी पहिल्या वर्षाचा वर्ग: भरती-ओहोटी. मग निधीच्या अर्जाचा हिशेब, ज्यात जाळ्याची किंमत 'उपकरण' की 'उपभोग्य वस्तू' यावर चाळीस मिनिटं. दुपारी एक विद्यार्थिनी रडवेली, तिच्या टाकीतला हवेचा पंप रात्री बंद पडला आणि सहा महिन्यांचे खेकडे गेले. तिच्यासोबत बसून कशातून काय वाचवता येईल ते बघितलं. दुसऱ्या कोणाच्या तरी निबंधाचं परीक्षण, बिनपैशाचं. संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली वीस मिनिटं, तीही दार लावून.

या वीस मिनिटांसाठी बाकीचं करायची तयारी असेल तर या.

१०. छंद ठेवा, आणि त्याचा निबंध करू नका

ही पायरी कुठल्याच मार्गदर्शकात नसते. समुद्र हेच काम झालं की समुद्राकडे नुसतं बघणं बंद होतं. प्रत्येक डबक्यात चौकट दिसू लागते. माझ्या बाबतीत हे झालं आणि दोन वर्षं मी किनाऱ्यावर कामाशिवाय गेलेच नाही.

सहकाऱ्यांचे छंद बघते तर नाना तऱ्हा. एक जण शनिवारी नळी-चष्मा लावून तरंगतो आणि मुद्दाम काही मोजत नाही. एकीला चित्रांचा नाद आहे. चित्र काढायला घेतलं की खेकड्याचे पाय मोजावेच लागतात, फोटो काढताना ते मोजायचे राहून जातात. कोणी निळ्या पाण्यापासून दूर पळत थेट डोंगर चढतं, तेही समजण्यासारखं आहे.

शंख-शिंपले गोळा करणाऱ्यांना दोन सूचना. रिकामा शंख खरंच रिकामा आहे का बघा, कारण तो शंखातल्या खेकड्याचं पुढचं घर असू शकतं. आणि उष्ण समुद्रांत नक्षीदार शंकूच्या आकाराचा शंख जिवंत दिसला तर हात लावू नका. कोन शंखाची गोगलगाय विषारी बाण मारते आणि काही जातींच्या दंशाने माणसं दगावली आहेत. निळ्या कड्यांचा चिमुकला ऑक्टोपसही लांबूनच बघावा.

माझा छंद शैवाल दाबण्याचा. इंग्लंडच्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने १८४३ पासून शैवालांच्या निळ्या छायाप्रती काढल्या: रसायन लावलेल्या कागदावर शैवाल ठेवून उन्हात धरायचं, आकृती पांढरी उमटते. मी एवढंही करत नाही. वादळानंतर किनाऱ्यावर वाहून आलेले तुकडे तेवढे उचलते, खडकावरचं उपटत नाही.

उथळ ताटात समुद्राचंच पाणी घ्या. काही नाजूक लाल जातींचा रंग गोड्या पाण्यात सुटतो. त्यात जाड कागद बुडवा, वर शैवालाचा तुकडा तरंगू द्या, आणि मऊ ब्रशने फांद्या एकेक करून मोकळ्या करा. पाण्याबाहेर गोळा होऊन पडलेला शेंदरी लगदा पाण्यात झाडासारखा उलगडतो. कागद एका कडेने, अगदी सावकाश उचलायचा. घाई केलीत तर सगळ्या फांद्या एका बाजूला वाहतात आणि पुन्हा पहिल्यापासून. पाणी निथळू द्या, वर पातळ मलमलीचा तुकडा टाका, खाली-वर टिपकागद, आणि त्यावर जाडजूड पुस्तकं. बहुतेक जाती आपल्याच चिकाने कागदाला धरून बसतात, डिंक लागत नाही. टिपकागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. आठवड्याने मलमल हलक्या हाताने, कोपऱ्यापासून सोलून काढा. फांदी तिच्याबरोबर उचलली जाताना दिसली तर थांबा, अजून ओलं आहे, आणखी दोन दिवस ठेवा.